सगळेच पास, गुरुजी सोडून

१ मे ही तारीख परभणी जिल्ह्याच्या पत्रिकेत जरा जास्तच ठळक बसली आहे. १९६० साली याच दिवशी महाराष्ट्र राज्य झालं. १९६२ साली याच दिवशी जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. १९९९ साली याच दिवशी हिंगोली आमच्यातून वेगळी निघाली आणि जाताना औंढा नागनाथाचं ज्योतिर्लिंगही घेऊन गेली. भाऊवाटणीत धाकट्यानं देवघरच उचलून न्यावं, हा प्रकार आम्ही तेव्हा मुकाट पाहिला. गंगाखेडची जनाबाई आमच्याकडे राहिली, एवढंच समाधान. आता नऊ तालुके आहेत, एक कृषी विद्यापीठ आहे आणि ऊन आहे. ऊन मात्र वाटणीत पुरेपूर आलं.

याच १ मेला झेंडावंदन आटोपलं की जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत निकाल लागतो. म्हणजे रिवाजानं लागतो म्हणायचं. लागण्यासारखं त्यात फार काही उरलेलं नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि नापास हा प्रकार प्राथमिक शाळेतून हद्दपार झाला. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये शासनाला वाटलं की फारच मोकळं सोडलं, म्हणून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि फेरपरीक्षा आणली. बाकीच्या वर्गांना अजून अभय आहे.

हे गावात अजून सगळ्यांना पटलेलं नाही. दरवर्षी एखादे आजोबा शाळेच्या फाटकाशी गुरुजींना गाठतातच.

"गुरुजी, आमचं लेकरू पास केलं का नाई?"

"सगळेच पास हायेत, मामा."

"सगळेच? मंग परीक्षा कामून घेतली?"

या प्रश्नाचं उत्तर केंद्रप्रमुखांकडे नाही, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे नाही. असलंच तर मंत्रालयात कुठंतरी फाइलीत असेल. माझं स्वतःचं मत असं आहे की परीक्षा अजून होते, फक्त परीक्षार्थी बदललाय. पूर्वी लेकरं धास्तावलेली असत आणि गुरुजी खुर्चीत रेलून पेपर तपासत. आता मार्च लागला की लेकरं निवांत चिंचा पाडतात आणि गुरुजींचा घसा कोरडा पडतो.

त्यांचा पहिला पेपर असतो वर्णनात्मक नोंदींचा. २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा गुणांच्या जागी श्रेणी आल्या, अ-१ पासून खाली. त्याला हरकत नव्हती. पण त्याबरोबर असंही ठरलं की प्रत्येक लेकराबद्दल, प्रत्येक विषयात, दोन्ही सत्रांत गुरुजींनी चार शब्द लिहायचे. चौथीचा तीस लेकरांचा वर्ग धरा, सात विषय धरा, दोन सत्रं धरा. चारशेवीस नोंदी झाल्या. हा आकडा हिशेबानंच असा आला, मी मुद्दाम आणलेला नाही.

आता चारशेवीस वेळा लेकराबद्दल काहीतरी चांगलं आणि वेगळं लिहायचं, हे संतांनाही जड गेलं असतं. म्हणून बाजारात तयार नोंदींची पुस्तकं आली आणि मग फोनवर पीडीएफ फिरू लागल्या. पण आमच्याकडचे काही गुरुजी जुन्या वळणाचे. ते लेकराकडे बघून लिहितात, आणि त्यातून जे वाङ्मय तयार होतं त्याची दखल मराठी समीक्षेनं घ्यायला हवी होती.

गारेगारवाल्याची घंटी वाजली की जे पोरगं खिडकीतून बाहेर उडी मारतं, त्याच्या पुढे लिहिलेलं असतं, 'परिसरातील घडामोडींचे बारकाईने निरीक्षण करतो.' मधल्या सुट्टीत नळावर तिघींच्या झिंज्या ओढणारी असते, तिला 'आपले मत ठामपणे मांडते.' शेजाऱ्याच्या पाटीवरून उत्तर उतरवणारा 'गटात सहकार्याने शिकतो.' एकानं नुकतंच जन्मलेलं शेळीचं करडू दप्तरात घालून वर्गात आणलं. करडानं परिसर अभ्यासाच्या पुस्तकाची पानं खाल्ली. त्याला 'प्राणिमात्रांविषयी जिव्हाळा आहे' आणि 'परिसर अभ्यासाची गोडी आहे' अशा दोन नोंदी मिळाल्या. दुसरी बहुधा करडाची असावी.

प्रगतिपत्रकावर आणखी तीन रकाने असतात, विशेष प्रगती, आवड किंवा छंद, आणि सुधारणा आवश्यक. छंदाचा रकाना मोठा अवघड. पुस्तकात 'वाचन करणे, चित्रे काढणे, गाणी ऐकणे' एवढंच मिळतं. पण चौथीतल्या पोराचा खरा छंद ट्रॅक्टर चालवणं हा आहे आणि तो मळ्यातल्या वाटेनं ट्रॉलीसकट ट्रॅक्टर मागे घेऊ शकतो, हे सरकारी कागदावर लिहायचं कसं? लिहिलं तर बापावर केस. म्हणून 'यंत्रांविषयी कुतूहल आहे' असं लिहून गुरुजी पुढे जातात. सुधारणेच्या रकान्यात 'हस्ताक्षरात सुधारणा आवश्यक' हे सगळ्यांत निर्धोक. मात्र ते वाक्य स्वतः गुरुजींच्या अक्षरात असतं, आणि पालकाला ते वाचून दाखवायला लेकरालाच बोलवावं लागतं.

फोनवरून आलेल्या नोंदी उतरवताना करतो-करतेचा घोळ ठरलेला. एका धिप्पाड पोराच्या पत्रकावर 'रांगोळी सुरेख काढते, समंजस व शालीन आहे' असं आलं. बाप दोन दिवस त्याच्याकडे बघत होता म्हणे.

दुसरा पेपर हजेरीचा, आणि तो आमच्या भागात उलटा असतो. दुसरीकडे वर्ष संपत आलं की वर्ग रिकामे होतात, आमच्याकडे भरतात. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या बाजूची बरीच माणसं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात. हंगामी वसतिगृहं असतात, आजी-आजोबांपाशी काही लेकरं राहतात, पण बरीचशी आईबापाच्या मागं फडावर जातात. कारखान्यांचे पट्टे पडले की मार्च-एप्रिलात सगळे परत येतात आणि सहा महिन्यांत न दिसलेली लेकरं अचानक सतरंजीवर येऊन बसतात. सतरंजी तेवढीच असते.

ही पोरं 'अभ्यासात मागे पडली' असं कागद म्हणतो. गणितात त्यांना मागे टाकून दाखवा. गुरुजींनी फळ्यावर लिहिलं, एका गाडीत दोन टन ऊस, तर बारा गाड्यांत किती? वर्षभर नियमित आलेल्या लेकरांनी मान खाली घालून गुणाकार सुरू केला. फडावरून आलेल्या पोरानं हात वर केला.

"गुरुजी, काटा कोणता?"

"कसला काटा?"

"कारखान्याचा का खासगी? कारखान्याच्या काट्यावर चोवीस नाई भरत."

गुरुजींनी त्याच्या पुढे 'व्यावहारिक गणिताची उत्तम जाण' असं लिहिलं आणि श्रेणी दिली क-२, कारण अपेक्षित उत्तर चोवीस होतं. मला विचाराल तर त्या पोराला अ-१ देऊन साखर आयुक्तालयात पाठवायला हवं होतं.

यात ऊन मिसळा. एप्रिलातलं परभणीचं तापमान कृषी विद्यापीठातून पेपरवाल्यांकडे जातं आणि आम्ही सकाळी ते वाचून घाबरतो. तोवर नुसता घाम आलेला असतो. पूर्वी परीक्षा एप्रिलच्या मध्यापर्यंत उरकून घेत. २०२५ साली वरून वेळापत्रक आलं की पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर ८ ते २५ एप्रिल या काळात, आणि निकाल १ मेला. म्हणजे शेवटचा पेपर झाल्यावर हाताशी पाच दिवस. शिक्षक संघटना बोलल्या, पालक बोलले, कारण निम्म्या पालकांच्या घरी लग्नं होती आणि मामाच्या गावाला जायचे बेत पक्के झाले होते. उन्हामुळे त्या वर्षी प्राथमिक शाळेची वेळ सकाळी ७ ते ११.१५ अशी केली होती. सातला लेकरू शाळेत पाठवायचं तर ज्या घरी नळाला चार दिवसांआड पाणी येतं, तिथे आधी पाणी भरायचं की लेकरू धुवायचं, हा पेपर आईचा.

त्याच्या आदल्या वर्षी, २०२४ला, परभणीत लोकसभेचं मतदान २६ एप्रिलला होतं. वर्गखोलीच्या भिंतीवर 'मी निपुण होणार' असं रंगवलेलं आणि खाली मतदान केंद्र. गुरुजी दुसऱ्याच तालुक्यात मतदान अधिकारी म्हणून बसलेले, पिशवीत न तपासलेले पेपर.

गॅदरिंग हा मात्र सगळ्यांचा आवडता पेपर. ते परीक्षेआधीच, ऊन तापायच्या आत, पटांगणावर उरकतात. स्टेज म्हणजे दोन ट्रॉल्या शेजारी शेजारी लावून वर ताडपत्री. आमच्या जिल्ह्यातल्या गॅदरिंगचा एक अलिखित नियम आहे, कोळीगीत झालंच पाहिजे. समुद्र परभणीपासून पाचेकशे किलोमीटरवर. स्टेजवरच्या लेकरांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे येलदरीचं धरण, तेही भरलेलं असेल त्या वर्षी. तरी दहा-बारा पोरी नऊवारी नेसून टोपलीत पुठ्ठ्याचे मासे घेऊन अशा ठेक्यात येतात की पहिल्या रांगेतल्या माळकरी आजीनं नाकाला पदर लावला.

नाच रंगला की बक्षिसं सुरू होतात. एक गुरुजी माइकवर, एक गुरुजी वहीत. "पाचवीच्या गीताला गावच्या उपसरपंचांकडून ५१ रुपये, त्यांच्याच चुलत बंधूंकडून १०१ रुपये..." हे ऐकून उपसरपंच उठतात आणि १५१ करतात. निवडणूक जवळ असेल त्या वर्षी शाळेचा वॉटर फिल्टर याच एका गीतात निघून जातो. नाचणारी लेकरं मात्र दर घोषणेला थांबतात, गाणं थांबतं, पुन्हा पहिल्यापासून लागतं, आणि पाच मिनिटांचा नाच अर्धा तास चालतो. घामानं गालावरची लाली हनुवटीपर्यंत येते.

त्यानंतर शेतकऱ्याचं नाटक. सातवीतला पोरगा बापाचं धोतर नेसून कापसाच्या भावावर बोलतो, सावकार येतो, सोयाबीन बुडतं, आणि पटांगणावर चिटपाखरू हलत नाही. यात अभिनय फारसा नसतोच, घरी रोज जे ऐकतो तेच पोरगं मोठ्यानं म्हणत असतं. बाया डोळे पुसतात, गडी खाली बघतात. पडदा पडायच्या आत डीजेवाला पुढचं गाणं लावतो, आणि तेच शोकमग्न गाव शिट्ट्या मारतं. याला कोणी नावं ठेवू नयेत. आमच्याकडे दुःखाला एवढाच वेळ मिळतो.

पाहुण्यांच्या सत्काराची शाल गरम असते आणि फिरती असते. एकाच्या खांद्यावरून ती पुढच्याच्या खांद्यावर जाते, नारळ टेबलाखालून परत येतो. शेवटचा पाहुणा तो नारळ घरी नेतो, तो पाण्याचा नसतो असा जाणकारांचा अनुभव आहे.

निरोप समारंभाचं थोडक्यात सांगतो, कारण तो दरवर्षी सारखाच असतो. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजन वर्ग" इथपर्यंत पाठ केलेलं भाषण नीट येतं. पुढे हुंदका येतो आणि मग सगळा वर्ग रडतो. रडणाऱ्या लेकरांची पुढची शाळा रस्त्याच्या पलीकडे असते. तिथून ती दुसऱ्या दिवशीही खिचडीच्या वेळेला येणार असतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं, खिचडी शिजवणाऱ्या मावशींना तर नक्कीच. त्या रडत नाहीत, त्या हंड्यात पाणी वाढवतात.

जाणारा वर्ग शाळेला भेट देतो आणि ती भेट म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. दुसरं काही द्यायचं असतं, हे कोणाला सुचत नाही. त्यामुळे एकेका शाळेच्या ऑफिसात 'सप्रेम भेट, इयत्ता ४ थी' अशी सात-सात घड्याळं ओळीनं टांगलेली असतात. एकात सव्वानऊ, एकात पावणेपाच, एकाचा काटा फक्त थरथरतो. बाकीच्यांचे सेल पोरांनी मोटारगाडीत घातलेत. पंखा बंद झाला की या घड्याळांखाली बसून गुरुजी सरकारच्या यू-डायस पोर्टलवर लेकरांची माहिती भरतात. लेकरू पुढच्या वर्गात गेलं, हे संगणकाला पटवून देईपर्यंत ते गेलेलं नसतं. दिवसा सर्व्हर चालत नाही, म्हणून बरेच गुरुजी हे काम मध्यरात्रीनंतर करतात. बायको विचारते, एवढ्या रात्री कोणाशी बोलताय? यू-डायसशी, असं सांगून कोणाचा संसार सावरलेला नाही.

शेवटचा पेपर सगळ्यात अवघड, पटाचा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार साठ लेकरांपर्यंत दोन शिक्षक आणि एकसष्टावं आलं की तिसरा. गावातल्या कोणाची एकसष्टी झाली तर बुंदी आणि कीर्तन होतं, पण या एकसष्टाव्या लेकराचा मान त्याहून मोठा. त्याच्या शोधात गुढीपाडव्याला गुरुजी सदरा घालून घरोघर फिरतात. 'गुढीपाडवा, पट वाढवा' अशी मोहीमच असते. पाडव्याला पूर्वी माणसं लिंबाचा पाला मागायला यायची, आता लेकरू मागायला येतात.

स्पर्धा असते ती इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीशी. ती सकाळी भोंगा वाजवत येते, टाय लावलेलं लेकरू चढतं, आणि बाप त्या टायकडे बघून फी भरतो. गुरुजी सांगतात, आमच्याकडं पुस्तकं फुकट, गणवेश फुकट, जेवण फुकट. बाप म्हणतो, "फुकट हाय म्हणूनच तर शंका येती, गुरुजी." इथं गुरुजी निरुत्तर होतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज घेऊन आले, हे ते सांगून बघतात. बाप विचारतो, "त्यांची गाडी येती का न्यायला?"

भरतीची पद्धतही बदलली. आधी पोराला उभं करायचे, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण, आणि जन्मतारीख गुरुजींच्या मनानं १ जून. जुन्या पिढीत आमच्याकडे अर्धं गाव १ जूनला जन्मलेलं आहे. आता त्याच कामासाठी 'पहिले पाऊल' मेळावा भरतो. फुगे, सेल्फी पॉइंट, रंगात पाय बुडवून कागदावर ठसा, रंग ओळख, वस्तू मोज, दोरीवरून चाल. सहा वर्षांचं लेकरू मण्यांऐवजी चॉकलेटं मोजतं आणि मोजून झाल्यावर खातं. मावशींनी त्याला विचारलं, "आता किती राह्यले?" ते म्हणालं, "तुमच्या पिशवीत किती हायेत?" त्याचं नाव तिथंच पटावर घातलं. असलं लेकरू हातचं जाऊ द्यायचं नसतं.

आणि मग १ मे. सकाळी ८ वाजता झेंडा, राष्ट्रगीत, राज्यगीत, सरपंचांचं भाषण. गोळ्या-बिस्किटं वाटून झाली की प्रगतिपत्रकं. आईबाप लग्नसराईत किंवा कामाला, त्यामुळे पत्रक घ्यायला आज्या येतात. आज्यांना श्रेणी चालत नाही. अ-१, ब-२ हे त्यांना एसटीच्या फलाटाचे नंबर वाटतात. त्यांचा प्रश्न एकच.

"पयला नंबर कुणाचा?"

"आजी, आता नंबर नसतो."

"आसं कसं? तीस लेकरात कुणीतरी पयलं आसंलच की."

गुरुजी दोन-चारदा समजावून सांगतात. ऊन चढत असतं, मागे रांग असते, खिशात फोन वाजत असतो, पोर्टलवर एक लेकरू अजून तिसरीतच अडकलेलं असतं. शेवटी ते इकडेतिकडे बघतात आणि हळूच सांगतात, "तुमच्याच नातवाचा. पण कुणाला सांगू नका."

पुढच्या आजीलाही तेच. तिच्या पुढच्या आजीलाही.

तासाभरानं मारुतीच्या पारावर तिघी जणी टेकतात, पदराला पत्रकाची गुंडाळी. पहिली कुणाला न सांगायचं ते सांगून टाकते. दुसरी म्हणते, आगं, माझ्या नातीचा हाय ना पयला. तिसरीनं तर पेढेसुद्धा आणलेत. क्षणभर तिघी एकमेकींकडे बघतात. बाजूला बसलेले आजोबा तंबाखू मळत विचार करतात आणि निकाल देऊन टाकतात.

"ह्यो गुरुजी हुशार दिसतो. यंदा तीन पयले काढले. मागच्याला एकच निघत व्हता."